एकोणपन्नास संध्याकाळच्या गोळ्या

बुधवारी सकाळी आठ वाजता इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पिकुनने जंतू वाढतात का ते पाहायला ठेवलेली रक्ताची बाटली तिसऱ्यांदा उजेडात धरली. आतलं द्रावण स्वच्छ होतं. अठ्ठेचाळीस तास उलटले होते आणि बाटलीत काहीही वाढलेलं नव्हतं.

बाटलीवर नाव होतं भन्ते थोंगसाय, वय अठ्ठावन्न, भिक्खूंची खोली, खाट दोन. थोंगसाय हा पिकुनचा सख्खा थोरला भाऊ. जून महिन्यात तो याच इस्पितळात मरता मरता वाचला होता. त्याच्या रक्तातला जंतू तेव्हा याच टेबलावर पिकुनने स्वतः वाढवला आणि ओळखला होता. मेलिओयडोसिस. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला मातीचा ताप म्हणतात. भातखाचरांच्या चिखलात हा जंतू राहतो, पावसाळ्यात उघड्या पायाच्या जखमेतून शिरतो आणि मधुमेह असलेल्या माणसाला सहसा सोडत नाही. थोंगसाय सुतारकाम करायचा. तळ्याचा फुटलेला बांध बुजवताना त्याच्या नडगीत खिळा घुसला होता, आणि मधुमेह तर दहा वर्षांपासूनचा.

दोन आठवडे शिरेतून औषध, त्यानंतर वीस आठवडे गोळ्या, असा उपचार ठरला. वाचलो तर एक पूर्ण वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने, भिक्खूचं चीवर घालीन, असा नवस थोंगसाय तापात बोलला होता. जुलैमध्ये त्याने डोकं भादरलं आणि गावच्या विहारात राहायला गेला. वर्षावासाच्या पन्नासाव्या दिवशी, सोमवारी, गावकऱ्यांनी त्याला ताप आणि कंबरदुखी घेऊन पुन्हा इस्पितळात आणलं.

डॉक्टर पकोन प्रयोगशाळेच्या दारात आले. वय सव्वीस, बँकॉकचे, सरकारी नेमणुकीवर आमच्या तालुक्यात येऊन चार महिने झालेले.

"काय म्हणतेय बाटली, पिकुनताई?"

"काहीच म्हणत नाही."

"मग झालं तर. लघवीत पू आहे, कंबर दुखतेय, ताप एकशे एक. मूत्रमार्गाचा संसर्ग. नेहमीचं इंजेक्शन चालू आहे, तेच पुढे नेऊ. शुक्रवारी सोडतो त्यांना."

"जुना जंतू उलटला असेल तर? नेहमीच्या इंजेक्शनला तो भीक घालत नाही, डॉक्टर."

"गोळ्या चालू असताना उलटेल? पूर्ण डोस, अकरावा आठवडा, आणि रक्त स्वच्छ. तुम्हीच सांगा, कुठून उलटेल?"

प्रश्न रास्त होता. पकोन निष्काळजी नव्हते. सकाळी साडेसहाला वॉर्डात हजर असायचे आणि नर्सच्या नोंदी पहिल्या ओळीपासून वाचायचे.

"रक्त हा रस्ता आहे," पिकुन म्हणाली. "हा जंतू रस्त्यावर फारसा फिरत नाही. रोग असलेल्या दहा रुग्णांतल्या चौघांचं तरी आमच्या बाटलीत, प्लेटवर काहीच सापडत नाही. अठ्ठावीस वर्षं बघतेय."

"मान्य. पण शंकेवर मी औषध बदलत नाही. एक कारण द्या. एकच."

ते निघून गेले. पिकुनने हातमोजे काढले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि ती भिक्खूंच्या खोलीकडे निघाली.

खोलीत थोंगसाय भिंतीला टेकून बसला होता. डावा पाय पोटाशी घेतलेला, चेहरा पिवळट. शेजारी विरोत नावाचा नर्स त्याची साखर तपासत होता. वॉर्डात तो एकटाच पुरुष नर्स, त्यामुळे भिक्खूंची खोली कायम त्याच्याकडे. पिकुन खाटेपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली आणि तिने हात जोडले. सख्खा भाऊ असला तरी बाईला चिवराला स्पर्श करता येत नाही, त्याच्यापेक्षा उंच बसता येत नाही. ज्याने लहानपणी तिच्या वेण्या खांबाला बांधल्या होत्या, त्याला गेले पन्नास दिवस ती 'आपण' म्हणत होती.

"उपासिके, तोंड का पाडलंयस?" थोंगसाय म्हणाला. "मेलो नाहीये अजून."

"साखर तीनशे दहा," विरोत म्हणाला. "भन्ते, दुपारनंतर सरबतं किती पिता?"

"लोक श्रद्धेने देतात."

"लोक श्रद्धेने उसाचा रस देतात. तो गोडच असतो."

पिकुन हसली नाही. "भन्ते, आपल्या रक्तात काही सापडलं नाही."

"मग चांगलं झालं की."

"नाही झालं. मला वाटतं तो आत आहे आणि लपलाय."

"रक्तात नाही, मग लपेल कुठे? लाकडात कीड असली तर भुसा पडतो. काहीतरी दिसायला नको?"

पिकुनने क्षणभर विचार केला. हे सगळं तिने नर्सिंगच्या मुलींना शंभरदा शिकवलं होतं, पण सुताराला कधी सांगितलं नव्हतं.

"आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात," ती म्हणाली. "बाहेरचा जंतू दिसला की त्या त्याला गिळतात. पोटातल्या एका पिशवीत कोंडतात आणि वरून आम्ल ओततात. बहुतेक जंतू तिथेच विरघळतात."

"आणि हा?"

"आम्ल ओतायच्या आत हा पिशवी फोडतो. पहारेकऱ्याच्या पोटातच, पण पिशवीबाहेर. तिथे त्या पेशीच्या वाशांचं, खांबांचं सामान पडलेलं असतं. तेच उचलून हा आपल्या मागे शेपटासारखं रचत जातो आणि त्याच्या रेट्याने पुढे सरकतो. सरकत सरकत शेजारच्या पेशीची भिंत आत ढकलतो."

"भिंत ढकलून पलीकडे जातो?"

"जातो, आणि मधली भिंतच काढून टाकतो. दोन पेशींची एक पेशी, मग तिनांची, मग दहांची. बाहेर रस्त्यावर पहारा उभा असतो, पण हा बाहेर येतच नाही. घरातल्या घरात फिरतो."

"कसबी आहे," थोंगसाय म्हणाला. "गिऱ्हाइकाचंच लाकूड वापरतो."

विरोत खुदकन हसला.

"म्हणून तर वीस आठवडे गोळ्या," पिकुन म्हणाली. "तो कुठल्या घरात आहे ते कळत नाही. औषध सगळ्या घरांत, सगळा वेळ हजर ठेवावं लागतं. एका बाजूने कमी पडलं की तो तिकडे वाढतो. भन्ते, गोळ्या रोज घेता ना?"

"रोज."

हाच प्रश्न तिने दर रविवारी विहारात भोजन घेऊन गेल्यावर विचारला होता आणि दर रविवारी हेच उत्तर मिळालं होतं. थोंगसाय खोटं बोलणार नाही हे तिला ठाऊक होतं. चीवर घालण्याआधीही त्याला खोटं जमत नसे. पण डॉक्टरांनी कारण मागितलं होतं, म्हणून या वेळी तिने प्रश्न तिथेच सोडला नाही.

"रोज किती? आणि कधी?"

"तीन. सकाळी, भोजनानंतर."

"आणि संध्याकाळी?"

थोंगसायने तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "संध्याकाळी भिक्खू जेवतो का?"

विरोतने हातातलं साखरेचं यंत्र खाली ठेवलं.

"पाकिटावर काय लिहिलंय?" थोंगसाय शांतपणे म्हणाला. "तीन गोळ्या, दिवसातून दोनदा, सकाळच्या व संध्याकाळच्या जेवणानंतर. दुपारी बारानंतर मला अन्न चालत नाही. रिकाम्या पोटी गोळी घेतली तर कागद मोडतो, जेवलो तर शील मोडतं. दोन्ही मोडण्यापेक्षा गोळी बाजूला ठेवली."

"पन्नास दिवस?"

"एकोणपन्नास. पन्नासाव्या दिवशी तुम्ही इथे आणलंत."

"दादा, तुला अक्कल आहे का?" पिकुन ओरडली. मग तिचं तिलाच कळलं आणि तिने घाईने हात जोडले. "क्षमा असावी, भन्ते. पण मला विचारायचं होतंत! औषधाला दुपारचं बंधन नसतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे."

"औषधाला नसतं, माहीत आहे मला. पण तूच सांगितलं होतंस. जूनमध्ये, याच इस्पितळाच्या पायरीवर. दादा, स्वतःचं डोकं चालवू नकोस, पाकिटावर लिहिलंय ते अक्षर न अक्षर पाळ. मी पाळलं."

पिकुनला ते वाक्य आठवत होतं. तिने ते बोटाने दम देत म्हटलं होतं.

ती उठली. रागवायला वेळ नव्हता. गोळ्या अर्ध्याच पोटात गेल्या होत्या, हे डॉक्टरांना नुसतं सांगून चाललं असतं. पण कागदावर काम करणाऱ्या माणसासमोर मोजून ठेवलेली वस्तू वेगळं बोलते. तिने स्कूटर काढली आणि सतरा किलोमीटरवरचा विहार गाठला.

विहाराचे प्रमुख, सत्तरीचे भन्ते इनपेंग, अंगण झाडत होते. ऐकून घेतल्यावर त्यांनी झाडू झाडाला टेकवला, थोंगसायच्या कुटीत गेले आणि माशाच्या चटणीची एक मोठी धुतलेली बरणी घेऊन आले. बरणी बाईच्या हातात देता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती पायरीवर फडक्यावर ठेवली. पांढऱ्या गोळ्यांनी ती अर्ध्याहून जास्त भरली होती.

"फेकून देणं बरं नाही म्हणून ठेवतो, म्हणाला," इनपेंग म्हणाले. "मला वाटलं जास्तीच्या असतील. विचारलं नाही. चूक माझीही आहे."

पिकुनने तिथेच पायरीवर बसून मोजल्या. एकशे सत्तेचाळीस. एकोणपन्नास संध्याकाळच्या प्रत्येकी तीन, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. इस्पितळाच्या खिडकीवरून दर महिन्याला नवं पाकीट दिलं गेलं होतं आणि जुनं संपलं का, हे कोणीही विचारलं नव्हतं.

साडेअकराला तिने बरणी डॉक्टर पकोन यांच्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही एक कारण मागितलंत," ती म्हणाली. "ही एकशे सत्तेचाळीस आहेत."

तिने सगळं सांगितलं. पकोन यांनी बरणी उचलली, फिरवली, खाली ठेवली. मग औषधांचा कागद पुढे ओढला आणि आधीच्या इंजेक्शनवर रेघ मारली.

"सेफ्टाझिडिम, दर आठ तासांनी," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पहिला डोस दुपारी दोनला. कंबर दुखतेय आणि डावा पाय सरळ करता येत नाही, हे मी सोमवारी लिहिलंय. लिहिलंय, पण त्याचा विचार केला नाही. पोटाची सोनोग्राफी मी आत्ता करतो."

"मग माझीही एक चूक लिहा, डॉक्टर. जूनमध्ये त्याला अक्षर न अक्षर पाळायला मी सांगितलं होतं."

"आज दोघांचीही खरडपट्टी काढायला वेळ नाही," पकोन म्हणाले. "फार्मसीला सांगा, भिक्खूंच्या पाकिटावर जेवणाचं नाव नको. सकाळी सहा, संध्याकाळी सहा."

सोनोग्राफीत डाव्या बाजूला, कण्याला लागून असलेल्या, मांडी उचलणाऱ्या खोल स्नायूत लिंबाएवढी पोकळी दिसली. गुरुवारी थोंगसायला जिल्ह्याच्या इस्पितळात नेऊन सुईने पू काढला आणि संध्याकाळी परत आणलं. पिकुनने पुवाचा थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. भरपूर पहारेकरी पेशी होत्या, बहुतेक फुटलेल्या. त्यांच्या आत आणि आजूबाजूला बारीक लाल काड्या, टोकांना गडद आणि मध्ये फिकट, मिटलेल्या सेफ्टी पिनसारख्या. एवढ्यावर नाव देता येत नाही. तिने पू जंतू वाढवायच्या जांभळ्या प्लेटवर रेघांनी पसरला आणि वाट पाहिली.

शनिवारी प्लेटवर सुरकुतलेल्या, कोरड्या, जांभळ्या चकत्या उगवल्या होत्या. पकोन बघायला वाकले.

"नाक लांब ठेवा," पिकुन म्हणाली. "ओल्या मातीसारखा वास येतो म्हणतात. ज्यांनी घेतला त्यांनी सांगितलं. तुम्ही घ्यायची गरज नाही."

तिने काचेच्या पेटीत हात घालून एक चकती या जंतूला ओळखणाऱ्या द्रावणाच्या थेंबात मिसळली. दीड मिनिटात थेंबात पांढरे कण धरले. तोच होता.

"चार आठवडे शिरेतून," पकोन म्हणाले. "पू खोलवर आहे, दोन आठवडे पुरणार नाहीत. त्यानंतर वीस आठवड्यांच्या गोळ्या पहिल्यापासून. ताप कालपासून उतरतोय. औषध पोचतंय."

हे सांगायला ते दोघं खोलीत गेले तेव्हा थोंगसाय चिवराची घडी घालत होता.

"उद्या मी जाणार," तो म्हणाला.

"कुठे?" पकोन यांनी विचारलं.

"विहारात. वर्षावासात भिक्खूला बाहेर राहायला सात दिवसांची सूट असते. सोमवारी निघताना मी सात दिवसांत परत येईन असं म्हणून निघालो. सातवी पहाट विहारात झाली नाही तर वर्षावास मोडतो. नवस पूर्ण वर्षावासाचा आहे."

"भन्ते, आजारपणासाठी मोडला तर दोष लागत नाही," विरोत म्हणाला.

"दोष लागत नाही. पण पूर्णही होत नाही."

पिकुन जमिनीवर बसली. "आपण गेलात तर तो पुन्हा घराघरांत शिरेल. या वेळी मी त्याला वेळेत पकडलंय. तिसऱ्या वेळी पकडायला काही उरणार नाही."

"जगलो तो नवसामुळे, पिकुन."

"जगलास तो माझ्या प्लेटमुळे!" ती म्हणाली, आणि या वेळी तिने क्षमा मागितली नाही. "नवसामुळे जगला असशील तर नवस माझाही होता. मीही बोलले होते. दादा जगू दे, मी त्याची पाठ सोडणार नाही, असा. तो मी फेडणार. तू चीवर घाल नाहीतर लंगोट घाल."

थोंगसायने घडी घातलेलं चीवर मांडीवर ठेवलं. घडी मात्र त्याने उलगडली नाही.

पिकुनने बाहेर येऊन भन्ते इनपेंग यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "त्याने सातवी पहाट इथे पाहिली की पुन्हा सात दिवसांची सूट घेता येते. रात्रभर राहील, उजाडलं की परत जाईल. चार आठवडे म्हणजे चार पहाटा. तुमचं औषध प्रवास करतं का?"

"करायला लावू," पिकुन म्हणाली.

इस्पितळाची गाडी यासाठी मिळणार नाही, हे प्रशासनाने दोन वाक्यांत सांगितलं. गाडी विहाराची निघाली, गावच्या सरपंचाने दिलेली जुनी पिकअप. रविवारी विरोतची सुट्टी होती, तो सोबत जायला तयार झाला. पकोन यांनी बाहेर मुक्कामाच्या परवानगीवर सही केली आणि खाली चार ओळी लिहिल्या: ताप शंभरच्या वर गेला, रक्तदाब नव्वदच्या खाली आला, सुई निसटली किंवा श्वास लागला तर पहाटेची वाट न पाहता परत. "भन्ते, हे मान्य असेल तरच," ते म्हणाले. थोंगसायने चारही ओळी वाचून मान हलवली.

रविवारी दोनचा डोस इस्पितळात झाला. रात्री दहाचा डोस विरोतने विहारात दिला आणि पिकुनला एका शब्दाचा निरोप पाठवला: झाला. सोमवारी पहाटे पाचला पिकुन बर्फाच्या डब्यात सहाच्या डोसची कुपी घेऊन विहारात पोचली. थोंगसाय सभामंडपात चटईवर उशांना टेकून बसला होता. ताप नव्याण्णव. विरोतने सलाइनची बाटली खांबाच्या आडव्या वाशाला दोरीने बांधली.

"गाठ ढिली आहे," थोंगसाय वर बघत म्हणाला. "दोन वेढे दे. तिसरा आडवा."

"झोपा हो, भन्ते."

"तो वासा मी बसवलाय. वाशाची काळजी नाही, तुझ्या गाठीची आहे."

विरोतने तिसरा वेढा दिला. सहाला पाच मिनिटं कमी असताना औषध सुरू झालं. बाहेर कोंबडे ओरडत होते आणि खाचरांवर करडा उजेड पसरत होता. भन्ते इनपेंग अंगणात हात पुढे करून उभे होते. तळहातावरच्या रेषा दिसल्या की दिवस झाला असं आमच्याकडे भिक्खू मानतात. त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"दिसल्या," ते म्हणाले. "सातवी पहाट इथे झाली."

थोंगसायने सुई असलेला हात न हलवता दुसऱ्या हाताने चीवर खांद्यावर सारखं केलं आणि पाली भाषेतलं सुटीचं वचन म्हटलं, पुन्हा सात दिवसांसाठी. मग तो उठायला लागला.

"बसा," पिकुन म्हणाली. "बाटलीत अजून पाव भाग आहे."

"भिक्खू भिक्षेला निघाले."

"निघू देत. आपली भिक्षा इथे थेंब थेंब येतेय. ती संपवा, मग उठा."

तो बसला. वीस मिनिटं गेली. शेवटचा थेंब नळीतून गेला, विरोतने सुईचं तोंड बंद करून हाताला फडकं गुंडाळलं आणि त्याने व भन्ते इनपेंग यांनी मिळून थोंगसायला पिकअपच्या मागच्या फळीवर बसवलं. पिकुनने बाजूला उभं राहून त्याचं वाकणं पाहिलं. डावा पाय गेल्या सोमवारपेक्षा बोटभर जास्त सरळ होत होता.

"पुढच्या रविवारी गाडी चारला पाठवतो," इनपेंग म्हणाले.

"तीनला पाठवा, भन्ते," पिकुन म्हणाली. "पाऊस झाला तर ओढ्याजवळचा रस्ता बुडतो. मग वरच्या गावाला वळसा घालून यावं लागेल."

"तीनला," इनपेंग म्हणाले.

पिकुनने बर्फाचा डबा स्कूटरवर बांधला आणि ती पिकअपच्या मागे निघाली. आठला तिला प्रयोगशाळा उघडायची होती, आणि दोनला पुढचा डोस होता.